विरोधाची नोंद

नगरसेवक हा प्राणी मी एकतीस वर्षं फार जवळून पाहिला आहे. दुरून पाहणाऱ्याला त्याचा राग येतो. जवळून पाहणाऱ्याला आधी कीव येते, आणि पुढे पुढे तीही येईनाशी होते. मी हणमंत बारटक्के, मसुर्डी नगरपरिषदेचा निवृत्त सभा लिपिक. सर्वसाधारण सभेत कोण काय बोललं ते लिहून ठेवणं हे माझं काम. म्हणजे सभेत बोलत होते वाटतं, असं तुम्ही विचाराल. नव्हते बोलत. म्हणूनच तर माझी गरज होती.

अकराची सभा साडेबाराला सुरू व्हायची. विषयपत्रिकेवर चाळीस विषय. पहिला विषय वाचायला मी तोंड उघडलं रे उघडलं, की मागच्या बाकावरून आरोळी यायची, "वाचला असे समजावे!" लगेच बाकं वाजायची. दुसरा विषय, "मंजूर!" तिसऱ्यापासून चाळिसाव्यापर्यंत, "एकदमच मंजूर!" मी एकदा घड्याळ लावून पाहिलं होतं. पंचावन्न हजार माणसांच्या गावाचा कारभार अकरा मिनिटांत उरकून मंडळी मिसळीवर तुटून पडली होती.

मग माझं खरं काम सुरू व्हायचं. प्रत्येक ठरावाला एक सूचक लागतो आणि एक अनुमोदक. सभेत कोणी काही सुचवलेलंच नसायचं. तेव्हा मी टेबलावर बसून नावं वाटायचो. पुतळा, कमान, बागेतलं कारंजं असे चमचमीत विषय मागून घेतले जायचे. "बारटक्के, कमानीला आमचं नाव टाका हां!" गटार, क्लोरीन, व्हॉल्वची दुरुस्ती, भटक्या कुत्र्यांना लस, यांना मात्र कोणी वाली नसायचा. ते मी पोपटराव गळव्यांच्या नावावर टाकून द्यायचो. पोपटराव वीस वर्षं सभागृहात झोपले. जागे असणाऱ्यांनी काय दिवे लावले ते पाहता, त्यांच्याइतका निरुपद्रवी लोकप्रतिनिधी मसुर्डीनं पाहिला नाही. प्रत्येक ठरावाखाली माझं ठरलेलं वाक्य असायचं : चर्चेअंती सर्वानुमते मंजूर. हे वाक्य मी किती वेळा लिहिलं असेल, देव जाणे. त्यातला एकही शब्द खरा नसायचा.

मी निवृत्त झालो आणि दुसऱ्याच वर्षी, दोन हजार चाळीस साली, 'मागोवा' आला.

मागोवा म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. गेली दहा-बारा वर्षं आपल्याकडे पाइपात, स्लॅबमध्ये, रस्त्यात कार्बनचे बारीक तंतू मिसळतात. काँक्रीटला आतून तडा जायला लागला की त्या तंतूंमधून वाहणारी वीज बदलते आणि जवळच्या खांबावरची पेटी तो बदल टिपून ठेवते. टाकीत क्लोरीन किती पडलं, गटार कुठे तुंबलं, दवाखान्यात जुलाबाचे रोगी किती आले, पाऊस किती झाला, हे सगळंही रोजच्या रोज टिपलं जातं. एवढा साठा हाताशी आल्यावर शास्त्रज्ञांनी एक यंत्र केलं. ते आपल्या स्मृतीत गावाची हुबेहूब प्रत उभी करतं. तेच रस्ते, तोच उतार, तोच पाऊस. मग त्या प्रतीतून एकच ठराव काढून टाकतं आणि गावाला दहा वर्षं पुढे चालवतं. एकदा चालवून भागत नाही, कारण नशिबाचाही वाटा असतो. म्हणून दहा हजार वेळा चालवतं. खऱ्या गावात आणि त्या प्रतींमध्ये जो फरक पडेल, तो त्या ठरावाचा परिणाम.

एवढ्यावर यंत्र थांबत नाही. त्याचा पुढचा प्रश्न जास्त टोचणारा आहे. 'हा एक सदस्य त्या दिवशी नाही म्हणाला असता, तर?' त्याच्या एका नकारानं पुढचं चित्र बदललं असतं, तर जबाबदारी त्याची. कायदा असा झाला, की ज्या ठरावामुळे माणसं मेली त्याची जबाबदारी ज्याच्यावर येईल, त्याला दहा वर्षं निवडणूक बंद.

फार चांगली कल्पना होती. इतकं हुशार यंत्र आपल्याकडे पूर्वी झालं नव्हतं. आणि त्याला कोण काय म्हणालं हे कळायला खायला काय घातलं? माझी इतिवृत्तं!

मसुर्डीचा पहिला अहवाल आला तेव्हा पोपटराव गळवे जिल्ह्यातले सर्वांत उपकारक नगरसेवक ठरले. त्यांच्या क्लोरीननं आणि व्हॉल्वनं शेकडो पोरं आजारी पडायची वाचली होती. सत्काराला ते आले, शाल घेतली आणि शेजारच्याला विचारलं, "कशाबद्दल हाय हे?"

अहवालाचं दुसरं पान मात्र हसण्यासारखं नव्हतं. ठराव क्रमांक १४२, सन दोन हजार एकतीस. घोडओढ्यावर स्लॅब टाकून व्यापारी संकुल बांधणे. पाच वर्षांनी, छत्तीसच्या जुलैत, ओढ्याला पूर आला, स्लॅबखाली पाणी मावेना, ते उलटं फिरून कुंभार आळीत शिरलं आणि चार माणसं बुडाली. यंत्रानं ठराव काढून पाहिला. चौघंही जिवंत राहत होती. मग त्यानं एकेक सदस्य घेतला. नियम असा होता, की ओढ्यानाल्यांच्या ठरावाला एकाचाही विरोध नोंदला गेला तर तो जिल्ह्याच्या तांत्रिक मताला पाठवावाच लागतो. आणि तिथे गेला असता तर दहा हजारांपैकी साडेनऊ हजार वेळा तो फेटाळला जात होता. म्हणजे एकानं तोंड उघडलं असतं तरी पुरलं असतं. इतिवृत्तात लिहिलं होतं, सर्वानुमते. हजर असलेले एकोणीसच्या एकोणीस सदस्य अपात्र ठरले. पोपटराव त्या दिवशी कुणाच्या तरी लग्नाला गेले होते.

गावानं फटाके वाजवले. त्या वेळचे नगराध्यक्ष रणधीरअण्णा मोहोळकर यांच्या बंगल्यासमोर तर माळच लावली. मीही गॅलरीत उभा राहून हसलो. मग यादी पुरती वाचली आणि हसणं थांबलं. सतरावं नाव होतं, उज्ज्वला तोडकर. माझी सख्खी धाकटी बहीण.

*

उजू दुसऱ्या दिवशी सकाळीच आली. नोटीस टेबलावर ठेवली आणि पाणीसुद्धा न घेता बसली. दोन टर्म नगरसेविका होती, अपक्ष. गावात शिवणक्लास चालवून तिनं दोन मुलं वाढवली. या खेपेला नऊ नंबर वॉर्डातून ती निवडून येणार हे गाव बोलत होतं. अर्ज भरायला आठ दिवस उरले होते.

"दादा, त्या दिवशी मी उभी राहिले होते," ती म्हणाली. "आठवतंय ना तुला?"

"कुठल्या दिवशी?"

"वेड पांघरू नकोस. ओढ्याच्या ठरावाला. मी म्हटलं होतं, ओढा बुजवू नका, पुराचं पाणी कुंभार आळीत जाईल. माझा विरोध नोंदवा, असं दोनदा म्हटलं. तू समोर बसून लिहीत होतास."

"बघावं लागेल. इतकी वर्षं झाली."

तिनं नोटीस माझ्यापुढे सरकवली. "इतिवृत्त कायम करायला पुढच्या सभेत आलं, तेव्हा मी वाचलंसुद्धा नाही. म्हटलं, दादानं लिहिलंय, त्यात काय तपासायचं?"

मी चष्मा पुसायला घेतला.

"पाच वर्षं मी कुंभार आळीतनं जात नाही, ठाऊक आहे तुला? लांबनं वळसा घालून बाजारात जाते. मला वाटायचं, मी बोलले, पण कमी बोलले. खाली बसायला हवं होतं सभागृहात, माइक उपटायला हवा होता. आणि आता हा कागद म्हणतो, मी बोललेच नाही. त्या चार माणसांना मी मारलं म्हणतो." तिचा आवाज चढला नाही. शिवणक्लासमध्ये चुकलेली शिवण दाखवावी तसं ती सांगत होती. "मला निवडणूक नको असली तरी चालेल, दादा. पण हे नको. सुनावणी शुक्रवारी आहे. तू येऊन सांग."

ती गेली आणि मी नोटीस पुन्हा वाचली. मला सगळं आठवत होतं. सभा संपल्यावर अण्णा माझ्या टेबलाशी आले होते. खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते, "बारटक्के, घरात समजवा की ताईंना. कशाला कागद घाण करायचा? जिल्ह्याला गेलं की दोन वर्षं गेली." एवढंच. दमदाटी नाही की पैसा नाही. त्यांना त्याची गरजच पडली नाही, इतका मी स्वस्त होतो. मी मनाशी म्हटलं, उजू घरचीच आहे, घेईल समजून. आणि सवयीनं लिहून टाकलं. माझ्यासारख्या माणसाची मला आज शिसारी येते. पण त्या दिवशी मी घरी जाऊन व्यवस्थित जेवलो होतो.

खोटं इतिवृत्त लिहिलं असं कबूल करणं म्हणजे गुन्हा. पेन्शन जाणार, कदाचित कोठडीही. बायको गेल्यापासून मी एकटा. या वयात मला दुसरं कोण पोसणार?

*

बुधवारी रणधीरअण्णा आले. हातात पेढ्यांचा पुडा, मागे कार्यकर्ता नाही, हे नवलच.

"बसा बसा, उठू नका. तुम्ही आमचे जुने लोक," असं म्हणत स्वतःच खुर्ची ओढून बसले. "काय मंग, तब्येत बरी हाय न्हवं?"

"बरी आहे."

"ताईंचं लई वाईट वाटतंय बघा मला. गुणी बाई. आवो, ती खरंच बोलली हुती त्या दिवशी. म्या हुतो की अध्यक्ष!"

मी चमकलो. "तुम्ही हे सुनावणीत सांगाल?"

"आमच्या सांगण्याला किंमत काय? आम्ही पडलो आरोपी. तुम्ही सांगा. लिहिणारा मानूस तुम्ही. खरं बोलायला भ्यायचं नसतं, बारटक्के. सत्याचा इजय हुतो, आपल्या शाळेत भिंतीवर लिवलेलं हाय."

जन्मात ज्या माणसाच्या तोंडून शपथविधी सोडून सत्य हा शब्द निघाला नव्हता, तो मला खरं बोलायला सांगत होता. यात काहीतरी मेख आहे हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मला कळली नाही ती मेख कुठली, एवढंच.

"तुम्हाला काय मिळणार त्यात?" मी सरळच विचारलं.

अण्णा मोकळं हसले. "समाधान! दुसरं काय?" आणि पुड्यातला एक पेढा स्वतःच खाऊन गेले.

मी रात्री झोपलो नाही वगैरे काही झालं नाही. दुपारीच माळ्यावरून ट्रंक काढली. सभेत कधी कोणी बोललंच तर मी जे भराभर टिपून घ्यायचो त्या कच्च्या वह्या तिच्यात होत्या. वर्षाला एक, अशा एकतीस. नियमानं पक्कं इतिवृत्त झालं की त्या फाडून टाकायच्या असतात. मी फाडल्या नाहीत. तत्त्व म्हणून नव्हे. कधी माझ्यावर बालंट आलं तर वापरता येतील म्हणून. एकतीस सालची वही उघडली. माझ्याच अक्षरात होतं : 'सौ. तोडकर, उभ्या राहून. ओढा बुजवू नये, पूर कुं. आळीत येईल. विरोध नोंदवा म्हणतात. पुन्हा म्हणतात.'

पुन्हा म्हणतात, हे दोन शब्द वाचून मला माझीच लाज वाटली. इतकं नीट ऐकलं होतं मी.

*

मागोवा कक्ष जिल्ह्याच्या ठिकाणी जुन्या बांधकाम भवनात होता. अधिकारी मेहजबीन मुजावर, वयानं तिशीच्या आतबाहेर, बोलायला स्पष्ट. तिनं वही हातात घेतली, कागद आणि शाई तपासून घेतली. शाई दहा वर्षांची निघाली. उजू माझ्या शेजारी बसली होती. तिनं ते वाक्य बोट ठेवून वाचलं.

"बारटक्के काका, तुम्ही हे पक्क्या इतिवृत्तात का लिहिलं नाही?"

"अण्णा म्हणाले, कागद घाण करू नका."

"त्याचा काही पुरावा?"

"नाही. तोंडी."

तिनं मान हलवली आणि वहीचं पान यंत्राला दिलं. चाळीस मिनिटं लागतील म्हणाली. आम्ही खाली जाऊन चहा घेतला. उजूनं साखर हलवली नाही, चहा तसाच प्यायली.

परत आलो तेव्हा मुजावरबाईंचा चेहरा विचित्र झाला होता. आपणच मांडलेल्या गणितानं आपल्यालाच फसवावं, तसा.

"ताई, तुमच्यावर काही राहिलं नाही," ती आधी उजूला म्हणाली. "तुम्ही विरोध केला होता, हे सिद्ध झालं. तुम्ही पात्र आहात."

उजूनं डोळे मिटले.

"पण नीट ऐका, हे यंत्र कसं विचार करतं ते. आधी त्यानं काय धरलं होतं? एकानं जरी विरोध केला असता तर ठराव जिल्ह्याला आला असता. म्हणून एकोणीस जण दोषी. आता त्याला कळलं की एकानं खरंच विरोध केला होता, आणि तरीही ठराव आला नाही, कारण लिहिणाऱ्यानं तो गिळला. मग त्यानं पुन्हा विचारलं, मोहोळकर नाही म्हणाले असते तर? तर तोही विरोध असाच गिळला गेला असता. दुसरा म्हणाला असता तर? तोही. म्हणजे बाकीच्यांच्या गप्प बसण्यानं काहीच फरक पडला नाही. अठराच्या अठरा सुटले."

"मग चार माणसं कुणामुळे गेली म्हणतंय ते?" उजूनं विचारलं.

मुजावरबाईंनी पडदा माझ्याकडे वळवला. माझं नाव एकटंच होतं त्यावर. दहा हजार मसुर्ड्यांमध्ये मी ती एक ओळ लिहिली होती, आणि साडेनऊ हजारांमध्ये चौघंही जिवंत होती.

अण्णांची मेख ती ही. त्यांच्या वकिलानं हे गणित आधीच करून पाहिलं होतं.

"मला शिक्षा काय?" मी विचारलं.

"कायद्यात लिपिकाला रकाना नाही, काका. तुम्ही उमेदवार नाही. कारवाई करायची तर तुमच्या नगरपरिषदेनं ठराव करून करायची."

"माझ्याकडे अशा तीस वह्या आणखी आहेत," मी म्हटलं. "सगळ्या घ्या ना."

"घेता येत नाहीत. अपील या एका ठरावाचं होतं. बाकीचे ठराव उघडायचे तर नगरपरिषदेनंच तसा ठराव करायला हवा." ती कडवट हसली. "असा ठराव कुठली नगरपरिषद करेल?"

जिन्यात उजू दोन पायऱ्या पुढे होती. ती थांबली, पण वळली नाही.

"मी वळसा घालून बाजारात जात होते, तेव्हा तू मला एकदा म्हणालास, मनाला लावून घेऊ नकोस, नशीब त्यांचं. आठवतं? तुला सगळं ठाऊक होतं तेव्हा."

"होतं."

"यंत्रानं काही चुकीचं सांगितलेलं नाही, दादा," ती म्हणाली आणि एकटीच एसटी स्टँडकडे चालू लागली.

*

पुढचा महिना मसुर्डीनं आपली लायकी दाखवण्यात घालवला. अण्णांचे फलक लागले : अग्निपरीक्षेतून तावूनसुलाखून निघालेलं नेतृत्व! ज्यांनी त्यांच्या दारात फटाके लावले होते त्यांनीच आता हार घातले. चौकातला न्हावी मला म्हणाला, "बघा, उगाच बिचाऱ्या अण्णांना बोलत हुतो आपन." आपण म्हणे! नगरसेवकांना नावं ठेवताना मी मतदार नावाच्या प्राण्याला फार स्वस्तात सोडलं, असं मला आता वाटतं. त्याला यंत्र द्या, आकडे द्या, पडद्यावर माणूस कसा बुडाला ते दाखवा. तो बघेल, हळहळेल आणि हार घेऊन जाईल.

अण्णा नगराध्यक्ष झाले. अठरांपैकी अकरा जण परत निवडून आले. पोपटराव तर बिनविरोध. उजू छत्तीस मतांनी आली. प्रचारात ती माझ्या दारावरून चार वेळा गेली, आत आली नाही.

निकालानंतर तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "बाकीच्या वह्या आहेत अजून?"

"आहेत."

"कुणाला देऊ नकोस, जाळू नकोस. आणि सोमवारी सभेला ये. तुझ्यावर कारवाई करायचा विषय आहे माझा. समोर बसून ऐक."

गेलो. सभागृह तेच होतं. फक्त लिपिकाच्या टेबलावर आता कोणी नव्हतं. भिंतीतली पेटी प्रत्येक शब्द आणि वर झालेला प्रत्येक हात टिपून तिथल्या तिथे मागोव्याला पाठवत होती, नंतर कुणाला त्यात बोट घालता येत नव्हतं. प्रेक्षकांच्या बाकावर मी एकटाच. दारातल्या शिपायानं जुनी ओळख म्हणून विषयपत्रिका हातात दिली आणि मी सवयीनं वाचायला लागलो. मसुर्डीत ठराव शेवटपर्यंत वाचणारा मी एकटा माणूस आहे, हे मी अभिमानानं सांगत नाही. ते माझं दुखणं आहे.

विषय क्रमांक सतरा. 'निवृत्त सभा लिपिक श्री. हणमंत बारटक्के यांच्यावर कारवाई करणेबाबत.' सूचक उज्ज्वला तोडकर, अनुमोदक पोपट गळवे. पहिलं पान माझ्या पापांचं होतं. दुसरं पान त्या चौघांचं. मालन कुंभार, वय बावन्न. त्यांचे यजमान दशरथ. त्यांची सून आरती. आणि भाड्यानं राहणारा शिंपी, इक्बाल. त्यांची नावं मी पहिल्यांदाच एकत्र वाचत होतो. तिसऱ्या पानावर, कंसात नाही की बारीक अक्षरात नाही, चांगलं ठळक लिहिलं होतं : 'सदर लिपिकाचा दोष पूर्णपणे निश्चित व्हावा यासाठी त्यांच्या एकतीस वर्षांच्या कारकिर्दीतील सर्व ठराव त्यांच्या कच्च्या वह्यांसह फेरमागोव्यास खुले करण्यास ही सभा मंजुरी देत आहे.'

मी ते दोनदा वाचलं.

सर्व ठराव. त्यात बाजारतळाची जागा होती, शाळेचं पडलेलं छप्पर होतं, स्मशानभूमीची भिंत होती. कोण सभागृहात उभं राहून काय मागत होतं, कुणी कुणाला गप्प बसवलं होतं, भर सभेत अण्णा काय म्हणाले होते, सगळं माझ्या अक्षरात, तारीखवार. अण्णा जाणार होते. त्यांच्यासोबत निम्मं सभागृह जाणार होतं. आणि सगळ्यात आधी मी जाणार होतो, कारण त्या प्रत्येक पानावर ऐकणारा आणि गिळणारा मीच होतो. ओढ्याचे चार. छपराचे किती माझ्या नावावर येतील? मला माहीत होतं, आणि अजून कुणाला माहीत नव्हतं.

समोर विषय धडाधड मंजूर होत होते. आठ. नऊ. दहा. मला एवढंच करायचं होतं, की उठून म्हणायचं, अण्णा, तिसरं पान वाचा. अण्णांनी ते वाचलं असतं, विषय मागे ठेवला असता, आणि उपकार म्हणून माझ्यावरची कारवाईही बासनात गुंडाळली असती. पेन्शन वाचली असती. म्हातारपण वाचलं असतं. मी वर पाहिलं. उजू माझ्याकडेच बघत होती.

"इषय सतरा!" अण्णा म्हणाले आणि त्यांची नजर माझ्यावर आली. सभागृहात खसखस पिकली. "बारटक्के सोताच आल्यात की! का वो, काय म्हनायचंय का तुमाला? पद्धत न्हाई, पन जुना मानूस म्हनून परवानगी देतो."

मी उभा राहिलो.

"काही नाही अण्णा," मी म्हणालो. "चालू द्या."

"वाचला असे समजावे!" मागच्या बाकावरून आरोळी आली. बाकं वाजली. उजूसकट सगळ्यांचे हात वर गेले, त्यात अण्णांचा सगळ्यात आधी. पोपटरावांना शेजाऱ्यानं ढोसलं, मग त्यांचाही गेला. भिंतीनं ते टिपून घेतलं. कार्टी ओढा बुजवतानाही अशीच हसत होती. मी थुंकलो नाही, कारण सभागृह होतं.

उजू मला बाहेर जिन्याशी भेटली. बाकीची मंडळी मिसळ खायला गेली होती.

"तू मला का बोलावलंस?" मी विचारलं. "मी वाचणार, हे तुला ठाऊक होतं."

"म्हणून तर बोलावलं."

"आणि मी ओरडलो असतो तर?"

"तर ठराव गेला असता. दुसरा काहीतरी मार्ग काढला असता मी." तिनं पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतली. "पण मला भाऊ आहे का नाही, ते तरी कळलं असतं." मग जरा थांबून म्हणाली, "वकील चांगला बघ. मी ढिलाई करणार नाही."

"नको करूस."

ती जिना उतरून गेली. बाजाराकडे वळताना तिनं या खेपेला वळसा घातला नाही, सरळ कुंभार आळीत शिरली. मी रिक्षा केली, घरी जाऊन ट्रंक काढली आणि ती घेऊन चार वाजायच्या आत जिल्ह्याला पोहोचलो. मुजावरबाईंनी वह्या मोजून घेतल्या. शाळेच्या छपराची कुठली, असं तिनं विचारलं. मी स्वतःच वही काढून पान उघडून दिलं.